'म्हणे'वर किती भांडणार?

"ताई, वाटणी होऊन बरीच वर्षं झाली. आता मोठा भाऊ म्हणतो की माझं कुंपण त्याच्या हद्दीत 4 फूट आत आलंय. 2 वर्षं आमचं बोलणं बंद आहे. मध्ये हद्दीचा दगड त्यानेच हलवला म्हणे, आणि मला बघून घेतो म्हणाला म्हणे. वकिलाची नोटीस पाठवू का?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या 'म्हणे'पाशी अडकले. म्हणजे यातलं महत्त्वाचं काहीच तुम्ही भावाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळं मधल्या माणसाकडून आलंय. तो माणूस वाईटच असतो असं नाही हो, पण निरोप पोचेपर्यंत सूर बदलतो, 'एकदा बघून घेऊ'चं 'बघून घेतो' व्हायला कितीसा वेळ लागतो?

नोटीस आत्ताच नको. आधी स्वतः फोन करा आणि एवढंच म्हणा, "दादा, हद्दीचं बोलायचंय, तुझं आधी ऐकतो." मग खरंच ऐका, मधे तोडू नका, आणि शेवटी त्याचंच म्हणणं त्याला परत सांगून विचारा, बरोबर समजलो ना? 4 फूट ही मागणी झाली, ती कशासाठी हे विचारा. कदाचित गाडी आत न्यायला वाट हवी असेल, किंवा वाटणीच्या वेळी आपल्याला कोणी विचारलंच नाही हे सलत असेल. वाट हवी असेल तर मालकी न बदलता जाण्यायेण्याचा हक्क लिहून देता येतो. पण सल असेल तर 4 काय 10 फूट देऊनही ती जायची नाही, ती बोलूनच जाईल.

मोजणी कराच, पण दोघं हजर असताना. एकट्याने करून आणलेला नकाशा कितीही अचूक असला तरी समोरच्याला तो तुमचाच वाटतो.

नाहीच जमलं तर दोघांना चालेल असा मध्यस्थ बघा. चांगला मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांशी वेगवेगळंही बोलतो आणि एकाने विश्वासाने सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही.

वकिलाला मात्र एकदा भेटून या, दाव्याची मुदत विचारायला, कारण बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबेलच असं नाही. आणि जे ठरेल ते नकाशासकट कागदावर घ्या, सह्या करा, रीतसर नोंदवा, नाहीतर उद्या मुलं परत तिथेच उभी राहतील.

फोन तुम्हीच करा हं, वहिनींकडून निरोप नको.