आधी कपडा उलटा करून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मैत्रीण सुट्टीचा अख्खा दिवस जुन्या कपड्यांचे ढीग उपसत बसते, बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येते आणि तरी खूश असते. पैसे वाचण्यापलीकडे यात काय आहे, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं हेच करत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे वाचतात, नाही असं नाही. पण तेवढ्यासाठी माणूस इतकी वर्षं ढीग उपसत नाही. मला विचाराल तर खरी ओढ ही की जुना कपडा पुस्तकासारखा वाचता येतो. नव्या कपड्याबद्दल काय ते जाहिरातीने सांगून टाकलेलं असतं. जुन्याबद्दल सांगायला कुणी नसतं, आपणच शोधायचं, आणि त्यातलं बरंचसं आतल्या बाजूला असतं. म्हणून काहीही हातात आलं की मी आधी ते उलटं करते.

पहिली नजर शिवणीतल्या मायेवर, म्हणजे टाक्यापलीकडे आत सोडलेल्या जादा कापडावर. हल्लीच्या बऱ्याच तयार कपड्यांत इंटरलॉक मारून (धागे सुटू नयेत म्हणून कडेला मशीनची शिवण घालून) कापड अगदी कडेपर्यंत छाटलेलं असतं. घट्ट झाला तर उसवून सैल करायला आत काही शिल्लकच नसतं. नीट शिवलेल्या जुन्या पँटच्या कमरेत किंवा फ्रॉकच्या बगलेत बोटभर, कधी दोन बोटं माया सापडते. शिवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं असतं की अंग भरेल, उतरेल, कपडा धाकट्या भावंडाकडे जाईल. ती दुमडून ठेवलेली पट्टी पाहिली की मला त्या अनोळखी हातांबद्दल फार आदर वाटतो. मग चौकडीचं कापड असेल तर शिवणीवर चौकटी जुळल्यात का, काजं हाताने भरलीत का, खिशाच्या तोंडाशी जादा टाके घातलेत का, हे बघायचं. डोळ्यांइतकंच बोटांनाही कळत जातं. काही वर्षांनी लोकर आणि ॲक्रिलिकमधला फरक हात लावताच समजतो.

नंतर वय काढायचं. बाजारात साधारण वीस वर्षांहून जुन्या कपड्याला विंटेज म्हणतात, पण आकड्यापेक्षा तो ओळखण्यात मजा आहे. कडेच्या शिवणीत धातूची झिप असेल तर कपडा बहुधा १९६० च्या दशकाआधीचा, कारण नायलॉनची झिप सर्रास दिसायला लागली ती त्या दशकात. धुण्याच्या सूचनांचं शिवलेलं लेबल अमेरिकी कपड्यावर दिसलं तर मी तो १९७२ नंतरचा धरते. तसं लेबल बंधनकारक करणारा तिथला नियम १९७१ चा आणि तो लागू झाला पुढच्या वर्षी. लिवाइसच्या जीन्सवरच्या लाल पट्टीत नाव पूर्ण मोठ्या लिपीत असेल तर ती १९७१ च्या आसपासची किंवा आधीची. त्यानंतर त्या नावातला ‘ई’ छोटा झाला. मात्र अलीकडे जुन्याच्या नकला निघतात, त्यांतही मोठा ‘ई’ असतो. झिपसुद्धा कुणीतरी मध्येच बदललेली असू शकते. तेव्हा एका खुणेवर विसंबू नका, तीन-चार खुणा एकमेकींना दुजोरा देताहेत का ते बघा.

माझ्याकडे एक करडा लोकरी कोट आहे. आत एक छोटं लेबल आहे, त्यावर वर्तुळातून फोड कापून काढल्यासारखे दोन ‘सी’ आणि पुढे ४१. ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशनिंग आलं, तेव्हाच्या सरकारमान्य ‘युटिलिटी’ कपड्यांचा हा शिक्का. तो १९५२ पर्यंत चालला. कापड आणि श्रम वाचावेत म्हणून चुण्या, खिसे, बटणं किती असावीत यावरही बंधनं होती. कोट दिसायला अगदी साधा. पण बाहीच्या टोकाशी, कडेपासून दीड इंच वर, एक बारीक रेघ आहे आणि रेघेखालची लोकर वरच्यापेक्षा गडद आहे. म्हणजे ते कापड बरीच वर्षं आत दुमडलेलं होतं, उन्हापासून बचावलं आणि मग कुणीतरी बाही उसवून लांब केली. एका खिशाची पिशवी वेगळ्याच पट्ट्यापट्ट्यांच्या सुती कापडाची आहे, तिला इतके लहान टाके की मोजताना डोळे दुखतात. कोट एकाच माणसाबरोबर वाढला की दुसऱ्या लांब हातांकडे गेला, ते कळायला मार्ग नाही. मी ती रेघ कधीही झाकणार नाही.

फसगतही होते, तीही सांगते. एका विक्रेत्याकडून मी शंभरेक वर्षांपूर्वीचा रेशमी झगा घेतला होता. हँगरवर देखणा दिसत होता. घरी अंगात घालून हात वर केले आणि पाठीवर उभ्या चिरा पडत गेल्या. दोष शिवणीचा नव्हता, रेशमाचा होता. रेशीम उकळून त्यावरचा डिंकासारखा थर काढला की वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला धाग्यात कथलाचे क्षार मुरवत असत. त्यांनी कापडाला छान भार आणि सळसळ यायची, पण काळाबरोबर धागा ठिसूळ होऊन तुटतो. यावर उपाय नाही. रफूसुद्धा टिकत नाही, कारण टाका धरायला शेजारचा धागाच धड नसतो. आता रेशीम मी उजेडासमोर धरल्याशिवाय घेत नाही. काखेचा भाग तर आवर्जून बघते, घामाने रेशीम तिथे सगळ्यात आधी जातं.

लोकांनी वापरलेलं म्हणून किळस वाटते, असंही तुम्ही लिहिलंय. ते समजू शकते. धुतल्यावर बहुतेक कपड्यांचा वास जातो, बुरशीचा कुबट वास आणि काळे ठिपके मात्र हट्टी, असा कपडा सोडून द्या. लोकरीत कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आहे असा संशय आला तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. त्यानंतरच तो कपाटातल्या बाकी कपड्यांजवळ न्यायचा.

रिकाम्या हाताने परतण्याचं म्हणाल, तर त्या दिवशी तुमच्या मैत्रिणीने तीस-चाळीस कपडे आतून पाहिलेले असतात, आणि पुढच्या वेळी तिची बोटं आणखी चटकन ओळखतात. एकदा तिच्याबरोबर जा. लेबलवरच्या साइझवर जाऊ नका, तेच आकडे दर काही दशकांनी सैल होत आलेत. तुम्हाला नीट बसणारा एक शर्ट घरी सपाट पसरून छाती, खांदा आणि बाही मोजा, मापं कागदावर लिहून घ्या आणि टेप बरोबर ठेवा.