चौतीस हजारांचं यंत्र आणि साडेसहा लाखांची पॉलिसी

पत्र निपाणीहून आलंय. लिहिणारे निवृत्त माध्यमिक शिक्षक, वय 61. कोल्हापुरातून जुनी तेरा सीटची मिनीबस घेतली, सीटा काढून आत बेड, गॅसची शेगडी, फ्रीज, एसी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला. सगळे मिळून 19 लाख गेले. त्यातले 11 लाख निवृत्तीचे, 8 लाख सौहार्दचं, म्हणजे कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्थेचं कर्ज, 13 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. प्रश्न एका ओळीचा आहे: मुक्कामी गाडी बाहेरच्या विजेला जोडताना आतली उपकरणं वाचावीत म्हणून 34 हजारांचा इम्पोर्टेड सर्ज प्रोटेक्टर घ्यावा, 9,500 चं टायरची हवा दाखवणारं यंत्र घ्यावं, की दोन्ही? सोबत कोटेशन, आरसी, पॉलिसी आणि एका टायरचा फोटो.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लवकर संपतं.

इम्पोर्टेड प्रोटेक्टर घेऊ नका. कोटेशनवरच छापलंय, '120 व्होल्ट, 30 अँपिअर'. अमेरिकेत मोटरहोम उभ्या करायच्या तळांवर तशी जोडणी मिळते. आपल्याकडे 230 व्होल्ट. ते यंत्र इथे एक तर चालूच होणार नाही, नाहीतर पहिल्याच मुक्कामी स्वतः जळेल. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने दुकान बंद करावं, आणि माहीत असेल तर त्याच्याशी बोलूच नका.

शिवाय तुमचा खरा शत्रू वेगळा आहे. सर्ज प्रोटेक्टर विजेचा क्षणभराचा तडाखा झेलतो, वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तर तो हवाच. पण आपल्या भागात उपकरणं जळतात ती बहुतेक न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटल्यामुळे. मग 230 च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येतात आणि मिनिटं-मिनिटं राहतात. तिथे नुसता सर्ज प्रोटेक्टर तापून मरतो. व्होल्टेज वर किंवा खाली गेलं की लाईन तोडणारा कटऑफ लागतो. त्याच्या जोडीला वीज गळली की लाईन तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि टाईप 2 चा साधा सर्ज प्रोटेक्टर. हे सगळं एका डब्यात निपाणीचा कुठलाही जाणता वायरमन सात-आठ हजारांत बसवून देईल. अर्थिंग मात्र मुक्कामाच्या प्रत्येक जागी स्वतः तपासायचं. जांबोटीकडच्या एका होमस्टेत मी थ्री-पिनचा बोर्ड उघडून पाहिला होता, तर आतली हिरवी वायर छान चिकटपट्टीत गुंडाळून ठेवलेली. जोडली नव्हती कुठेच.

टायरचं यंत्र घ्या, पण साडेनऊ हजारांचं नको. व्हॉल्व्हवर फिरवून बसणारे सेन्सर चार-पाच हजारांत मिळतात. मिनीबसच्या टायरला कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते, तेव्हा सेन्सर किती पीएसआयपर्यंत मोजतो ते आधी बघा. रबरी व्हॉल्व्ह बदलून धातूचे घाला, सेन्सरच्या वजनाने रबर हलत राहतं आणि मुळाशी चिरतं. आता तुमच्या फोटोकडे येतो. टायरच्या कडेला 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी 2418 असे आकडे दिसतायत. म्हणजे टायर बनला 2018 च्या चोविसाव्या आठवड्यात. यंत्र हवा सांगतं, रबराचं वय सांगत नाही. बाकीचेही याच वयाचे असतील तर स्टेपनीसह पाच टायर बदला, चाळीसेक हजार जातील. चोर्ला घाटात उतरताना यंत्राच्या दिव्याकडे बघण्यापेक्षा ते पैसे बरे.

हा झाला तुमचा प्रश्न. आता न विचारलेलं.

तुमच्या पॉलिसीवर गाडीची किंमत आहे साडेसहा लाख. गाडीत घातलेत 19 लाख. उद्या गॅसच्या नळीने पेट घेतला आणि कंपनीने एक रुपया न कापता क्लेम दिला, तरी साडेबारा लाख गेले. आणि ती देईलच असं नाही. आरसीवर अजून 13 सीट आहेत, पॉलिसीवरही 13. बेड, शेगडी, सिलिंडर यांचा कुठे उल्लेख नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि केलेला बदल आरसीवर चढवावा लागतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की पहिलं बोट इथेच ठेवेल. फॅब्रिकेटरने 'कोण बघतंय' म्हटलं असेल. रोज नाही बघत कोणी. ज्या दिवशी पैसे मागाल त्या दिवशी बघतात.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी जाता-जाता लिहिल्यात. पहिली, रोड टॅक्स वाचावा म्हणून गाडी एमएच 09 वरच, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरवरच ठेवली. राहता निपाणीत, गाडी उभी निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली गाडी तिथे पुन्हा नोंदवावी लागते. राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे अशा शेकडो गाड्या फिरतात हे मलाही माहीत आहे. पण त्यातल्या किती गाड्यांच्या आत सिलिंडर आहे?

दुसरी, सीझनला महिन्यातून आठ दिवस सहा हजारांनी भाड्याने देऊन 'हप्ता निघून वर उरेल'. गुरुजी, हप्ता 18,200. वर्षाचे 2 लाख 18 हजार. पावसाळ्यात आंबोलीला गर्दी होते ती सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी, मुक्कामाची नाही. माझ्या हिशोबाने वर्षात वीस-बावीस दिवस गाडी गेली तरी पुष्कळ. सव्वा लाख आले, त्यातून धुणं, दुरुस्ती, गाद्या. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देताच येत नाही. तशा फेरीत अपघात झाला तर कंपनी जखमींना पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते. भाड्याचा विचार डोक्यातून काढाच.

मग हप्ता कुठून? पेन्शन 38 हजार. त्यातून 18,200 हप्ता, आणि कर्जाबरोबर गळ्यात मारलेली ती वर्षाला 60 हजारांची 'मनी बॅक' विमा पॉलिसी, म्हणजे महिन्याचे पाच हजार. घरात उरले पंधरा हजारांच्या आत. एकसष्टाव्या वर्षी, मुलं कमावती असताना, तुम्हाला दहा वर्षांची विमा-बचत योजना कशाला? ती तुमच्यासाठी नव्हे, कर्ज देणाऱ्याच्या टेबलावर बसलेल्या एजंटसाठी होती. कर्ज त्याशिवाय मिळत नाही, हे त्याचं म्हणणं. तुम्ही लिहिलंय की पॉलिसी पंधरवड्यापूर्वी हातात आली. ती मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, किरकोळ कापून पैसे परत मिळतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एजंट 'पुढच्या आठवड्यात बोलू' म्हणेल, त्याची वाट बघू नका.

त्याच सौहार्दमध्ये तुमची पाच लाखांची ठेव आहे, सात टक्क्यांची. सात मिळवायचे आणि तेरा भरायचे, हे गणित तुम्ही नववीच्या मुलाला करू दिलं नसतं. शिवाय बँकेच्या ठेवीला असतं ते पाच लाखांचं विमा संरक्षण सौहार्दच्या ठेवीला नाही. तीन लाख मोडून कर्जात भरा आणि हप्ता कमी करून घ्या, तो साडेअकरा हजारांवर येईल. उरलेले दोन लाख चांगल्या बँकेत हलवा, टायर आणि वायरिंगचा डबा त्यातूनच. विमा परत केला की महिन्याला घरात साडेसव्वीस हजार राहतात.

कागदांचा क्रम असा ठेवा: कर्ज गाडीवर चढलेलं असेल तर सौहार्दची संमती, मग कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, त्याचा फॉर्म 28. मग चिकोडी आरटीओला केए 23 चं, म्हणजे तिथल्या नंबरचं पासिंग आणि तिथेच बदलाची नोंद. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा भाग परत मागता येतो, पहिल्या मालकाची पावती शोधून ठेवा. नवी आरसी हातात आली की विमा कंपनीला आतल्या सामानाची बिलं देऊन किंमत वाढवून घ्या. तोवर गाडी अंगणात उभी राहू दे, आणि सिलिंडर घरात आणून ठेवा.