खिडकीतल्या बाटल्या

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वडिलांनी लिहिलंय: मुलगी बीएस्सी झाली, ६८ टक्के. पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयात एमएस्सी करायचं म्हणते. आम्ही बँकेच्या परीक्षेचा क्लास लावून फीसुद्धा भरली आहे. झाडं लावायला एमएस्सी कशाला? तुम्ही तिला समजवा.

सप्रेम नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. ‘आम्ही ठरवलंय’ पानोपानी आहे. मुलीबद्दल मात्र एकच ओळ, तीही तक्रारीची: दर रविवारी सिरपूर तलावावर जाते, बाटल्यांत पाणी भरून आणते, चिठ्ठीवर तारीख घालून खिडकीत मांडते, घरभर पसारा.

मला घोर लागला तो या ओळीचा, ६८ टक्क्यांचा नाही. कुणी न सांगता ती दर आठवड्याला तारीखवार नमुने जमवते आहे आणि ‘यात काय बघतेस गं?’ एवढंही घरात कुणी विचारलेलं दिसत नाही. बाटली खिडकीत ठेवून पाणी कळत नाही हे खरं. विरघळलेला ऑक्सिजन काठावरच रसायन घालून पक्का करावा लागतो, नाहीतर घरी येईपर्यंत आकडा बदलतो. पण हेच तर तिला शिकायचंय.

आता झाडांचं. पर्यावरण म्हणजे वृक्षारोपण, हा समज इंदुरात राहून कसा टिकला? तुमच्या दारातला ओला कचरा गाडी वेगळा नेते. त्यातून बायो-सीएनजी करणारा, रोज ५५० टनांचा प्रकल्प २०२२ पासून इथेच आहे. तुमच्या नळाचं नर्मदेचं पाणी जलूदहून पंपानं चढवून आणतात. त्याचं वीजबिल कमी व्हावं म्हणून महापालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढून सौर प्रकल्प हाती घेतला. शेअर बाजारातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा यांचा हिशेब दरवर्षी देणं सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, बंधनकारक केलंय. हे सगळं मोजायला आणि तपासायला शिकलेली माणसं लागतात.

एक मात्र स्पष्ट सांगते. नुसत्या ‘शाश्वत विकास’ या नावाला भुलू नका. अभ्यासक्रमात प्रयोगशाळा, संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडून अभ्यासण्याचं तंत्र) आणि प्रत्यक्ष फील्डवर्क नसेल, तर तिथे फी भरू नका. सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमी असू शकतो, हेही तिला आधीच माहीत असू द्या. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. क्लासची फी बुडाली तर बुडू द्या. येत्या रविवारी तिच्याबरोबर सिरपूरला जा, बाटली तुम्ही धरा, तारीख तिला लिहू द्या. पुढचं पत्र मला तिच्या हातचं हवंय. कुठल्या बाटलीत तिला काय वेगळं दिसलं, ते त्यात सविस्तर लिहायला सांगा. कोर्सचं नाव मी त्यानंतर सुचवेन.