आठ दिवस, आई-बाबा आणि ट्रेलर: मिनेसोटात दोनच मुक्काम करा

अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, पुण्याहून आलेले सत्तरीचे आई-बाबा, तुम्ही दोघं, गाडीमागे ओढायचा आणि आत राहायचा भाड्याचा ट्रेलर आणि जूनमधले आठ दिवस. त्यात डुलुथ, ईली, व्हॉयेजर्स नॅशनल पार्क, बमिजी, आयटास्का आणि डेट्रॉइट लेक्स बसेल का, असं तुम्ही विचारलंय. गाडी आणि हॉटेलं असती तर ओढूनताणून बसलं असतं. ट्रेलर घेऊन हे करू नका, असं मी अगदी मनापासून सांगेन.

ट्रेलर हलवायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. नवीन साइटवर, म्हणजे ट्रेलर लावायच्या नेमलेल्या जागी, पोचलात की आधी मागे घेत आत लावायचा, चाकांखाली फळ्या सरकवून डावी-उजवी बाजू समपातळीत आणायची, चाकांना चॉक, म्हणजे अडसराच्या पाचरी, लावायच्या आणि मगच गाडी सोडवायची. मग पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी, शेवटी चारही कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर, म्हणजे आधाराचे पाय, खाली. हे शेवटचं टाळलंत तर रात्री एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. निघताना हाच सगळा क्रम उलटा, वर डंप स्टेशनची, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागेची, रांग. रोज हे करत बसलात तर तळ्याकाठी बसणार कधी?

म्हणून माझा आराखडा असा: चार रात्री आयटास्का, तीन रात्री मेपलवुड. दोन्ही स्टेट पार्क आहेत, मधलं अंतर ट्रेलरसकट दोनेक तासांचं.

आयटास्का हे मिनेसोटातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, १८९१ सालचं. मिसिसिपीचा उगम इथला. १८३२ मध्ये ओझाविंडिब या ओजिब्वे जमातीच्या म्होरक्याने स्कूलक्राफ्ट या शोधप्रवाशाला इथवर आणलं होतं. तळ्यातून नदी बाहेर पडते तिथे दगडांची एक ओळ आहे. त्यावरून, नाहीतर शेजारच्या गुडघाभर पाण्यातून, लोक नदी ओलांडतात. बाजूच्या ओंडक्यावर कोरलंय की इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत २,५५२ मैल. दगड शेवाळाने निसरडे असतात, आई-बाबांना त्यांवर चढवू नका. पाण्यातून हात धरून न्या, पायात पट्ट्याच्या चपला असू द्या. त्र्यंबकेश्वरला गोदावरीचा उगम पाहिलेल्या माणसांना इथे काय वाटतं, ते समजावून सांगावं लागत नाही. सकाळी लवकर जा, दहानंतर गर्दी होते.

बाकीचा वेळ पार्कमधल्या वाइल्डरनेस ड्राइव्ह या रस्त्यावरून सावकाश गाडी फिरवायची, रेड पाइनच्या जुन्या झाडांखाली बसायचं. तिथून अर्ध्यापाऊण तासावर बमिजीच्या तळ्याकाठी लोककथांतला अवाढव्य लाकूडतोड्या पॉल बनियन आणि त्याच्या निळ्या बैलाचे १९३७ सालचे पुतळे आहेत. ट्रेलर जागेवर सोडून गाडीने जाऊन या. जूनच्या उत्तरार्धात लेडीज स्लिपर हे गुलाबी-पांढरं राज्यफूल रस्त्याकडेच्या ओलसर चरांत दिसतं, ते तोडायला कायद्याने बंदी आहे.

मेपलवुड पेलिकन रॅपिड्सजवळ, ऑटर टेल काउंटीत. या एका काउंटीत हजारावर तळी आहेत. हिमनद्या मागे हटताना बर्फाचे प्रचंड तुकडे मातीत गाडले गेले, ते वितळून जे खड्डे राहिले त्यांतली ही बरीचशी तळी. इथे मुद्दाम काही बघायला जाऊ नका. फार तर एका दुपारी फेल्प्स मिल, म्हणजे १८८९ सालची पिठाची लाकडी गिरणी, पाहून या. संध्याकाळी नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो आणि लून या पाणपक्ष्यांचे हाक-प्रतिहाक सुरू होतात. एवढ्यासाठीसुद्धा तीन रात्री कमीच पडतात.

आता वजन. विक्रेता गाडीची टोइंग, म्हणजे ओढण्याची, क्षमता सांगतो, पण तेवढ्यावर जाऊ नका. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचमार्गे, म्हणजे जोडणीतून, गाडीवरच येतो. ४,५०० पौंडांचा ट्रेलर असेल तर साडेपाचशे धरा. चार माणसं, सहाशेच्या वर. सामान वेगळं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती चालेल तो आकडा असतो, बेरीज त्याच्या आत हवी. नसेल बसत, तर ट्रेलर साइटवर आणून, लावून देणारे भाडेवाले मिळतात. पहिल्याच वेळेस तर मी तेच सुचवेन, मग जागा बदलतानाही त्यांनाच सांगा.

पाण्याचं नीट समजून घ्या, कारण आपल्या स्वयंपाकात अडचण तिथेच येते. स्टेट पार्कच्या साइटवर बहुधा फक्त वीज असते. पाणी आधी टाकीत भरायचं, सांडपाणी ग्रे टँकमध्ये साठतं. वाहत्या नळाखाली भांडी घासलीत तर ती टाकी दोन दिवसांत भरते, आणि ते पाणी जमिनीवर सोडता येत नाही. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, मग थोड्या पाण्यात धुवा. अंघोळी पार्कच्या शॉवरमध्ये. डंप करताना आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, मागून ग्रे, म्हणजे पाइप धुऊन निघतो. एसी चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह लावू नका, ३० अँपिअरचा ब्रेकर पडतो. वांगी मात्र बाहेर शेकोटीच्या निखाऱ्यांवरच भाजा. लाकूड पार्कमध्ये किंवा जवळपासचं मान्यताप्राप्तच घ्या, घरून नेलेलं चालत नाही, कारण त्यातून अ‍ॅश झाडं मारणारी कीड पसरते.

आईंसाठी एक भक्कम, रुंद पायरी न्या, ट्रेलरची घडीची पायरी उंच आणि अरुंद असते. डास भरपूर असतील. फिरून आल्यावर सगळ्यांच्या घोट्या-गुडघ्यांमागे गोचीड तपासा.

बुकिंग १२० दिवस आधी उघडतं आणि जूनच्या विजेच्या साइट्स झटकन जातात.  वाहनाचा वार्षिक परवाना दोन्ही पार्कना चालतो. तुमच्या तारखा आणि गाडीचं मॉडेल कळवा, वजनाची बेरीज मी करून देतो.