डिव्हिडंड आपोआप परत गुंतवावा की खात्यात घ्यावा?

तुमचं वय 34, नोकरी पक्की, दोन म्युच्युअल फंड आणि सात-आठ कंपन्यांचे शेअर्स; डिव्हिडंड (नफ्यातून मिळणारा वाटा) आपोआप परत गुंतवू की रोख घेऊ, असं विचारलंय. फंड आणि शेअर्स यांचं उत्तर वेगळं आहे, म्हणून आधी फंडाचं सांगतो.

फंडात दोन्ही नको, ग्रोथ घ्या, म्हणजे नफा न वाटता फंडातच राहू देणारा पर्याय. समजा तुमच्याकडे 50 रुपये एनएव्हीची (एका युनिटची किंमत) 1000 युनिट्स आहेत, म्हणजे 50,000. फंडाने युनिटमागे 2 रुपये वाटले की एनएव्ही 48 वर येते. ते 2000 परत गुंतवले की साधारण 41.67 युनिट्स वाढतात आणि किंमत पुन्हा तेवढीच, 50,000. हातात दमडी आली नाही, पण 2000 तुमच्या उत्पन्नात धरले गेले. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर 400 रुपये कर, वर सेस (उपकर), तोही खिशातून. ग्रोथमध्ये विकेपर्यंत कर नाही, आणि इक्विटी फंड वर्षभरानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. सेबीने एप्रिल 2021 पासून डिव्हिडंड पर्यायाचं नाव आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉअल) केलं. त्यात 'भांडवल काढून देणं' असा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तो बरोबरच आहे.

आता शेअर्स. आपल्याकडे कंपन्यांचा डिव्हिडंड आपोआप त्याच शेअरमध्ये जात नाही. तो डीमॅटला (शेअर्स ठेवायचं खातं) जोडलेल्या बँक खात्यात येतो, आणि तिथे पगारात मिसळला की संपला. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. एकदा तीन वर्षांचं पासबुक भरून आणलं आणि एसीएचच्या, म्हणजे डिव्हिडंड थेट खात्यात जमा झाल्याच्या, नोंदींवर पेन्सिलने खुणा केल्या. कुठे 38 रुपये, कुठे 112, कुठे 640. बेरीज एकोणीस हजारांवर गेली. त्यातला एक रुपयाही शिल्लक नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या पै-पैचा हिशेब लावणाऱ्या मला ते फार लागलं.

त्यानंतर वेगळं बचत खातं उघडलं आणि डीमॅटला तेच जोडलं. त्याचं एटीएम कार्ड घरीच असतं. बहुतेक कंपन्यांचा अंतिम डिव्हिडंड वार्षिक सभेनंतर, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो. त्यामुळे दिवाळीत एकदा आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपली की एकदा, जमलेल्या रकमेतून खरेदी करतो. कशात घालायचं ते त्या वेळी ठरवतो. जो शेअर आधीच महाग झालाय त्यातच पैसे परत जावेत असं मला वाटत नाही, म्हणून आपोआपची सोय नाही याचं दुःखही नाही.

मार्च 2020 पर्यंत डिव्हिडंडवरचा कर कंपनी भरायची, आता तो तुमच्या उत्पन्नात धरतात. एका कंपनीचा वर्षाचा डिव्हिडंड 10,000 च्या वर गेला तर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापतात. एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 5,000 होती.

माझी आई मात्र डिव्हिडंड रोखच घेते, आणि तिचं बरोबर आहे. वडिलांच्या नावचे शेअर्स तिच्या नावावर झालेत. त्यातून लाइटबिल आणि बीपीच्या गोळ्या भागतात. तिचं उत्पन्न करपात्र नाही. एकदा टीडीएस कापला होता, तो रिटर्न भरल्यावर परत आला. तिला 'आई, गुंतव' असं मी कधी म्हणणार नाही. म्हणून तुमच्या घरात या पैशावर कुणाचा महिना अवलंबून आहे का, ते आधी बघा.

एक सावधगिरी. फंड आयडीसीडब्ल्यूमध्ये निघाला तर लगेच ग्रोथमध्ये बदलू नका. तो बदल विक्री धरला जातो, नफ्यावर कर लागतो, काही वेळा एक्झिट लोडही (लवकर बाहेर पडल्याचं शुल्क). स्टेटमेंटवर प्रत्येक वेळी परत गुंतवलेल्या युनिट्सची तारीख वेगळी असते. ज्यांना वर्ष झालंय ती आधी हलवा, बाकीची थांबू द्या, आणि नवी एसआयपी (ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक) आजच ग्रोथमध्ये सुरू करा.