तुझ्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. एका बाजूला शहरांची लोकसंख्या, दुसऱ्या बाजूला विजेतेपदं, आणि खाली निष्कर्ष: मोठ्या शहराचा संघ जिंकतो. मेहनत दिसते, पण निष्कर्षाची घाई झाली. मोठ्या शहरामुळे संघाला पैसा मिळतो, हे खरं. त्यातला किती त्याच्याच तिजोरीत राहतो, हे मात्र लीगचे नियम ठरवतात. तोच रकाना तू घातलेला नाहीस.

अमेरिकेतलं ग्रीन बे घे. 2020 च्या जनगणनेत वस्ती 1,07,395, म्हणजे साधारण आपल्या बार्शीएवढी. तिथला पॅकर्स हा संघ अमेरिकन फुटबॉलचा 13 वेळा विजेता आहे. एवढी विजेतेपदं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. 1923 पासून मालकी भागधारकांची. शेअरवर लाभांश मिळत नाही, तरी लोक घेतात. बर्फ पडला की गावकरी फावडी घेऊन स्टेडियमच्या बाकांमधला बर्फ उपसायला येतात. हे मला मनापासून आवडतं, पण नुसत्या प्रेमावर संघ टिकत नाही. अमेरिकेतल्याच पोर्टस्मथसारख्या छोट्या गावाचा संघ 1934 मध्ये डेट्रॉइटला गेलाच ना! ग्रीन बे तगलं, कारण 1961 च्या कायद्यानंतर लीगचे टीव्ही हक्क एकत्र विकले जाऊ लागले आणि रक्कम सगळ्यांना सारखी मिळू लागली. न्यूयॉर्कच्या संघाला जेवढा वाटा, तेवढाच ग्रीन बेला. 1994 पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादाही आली. पॅकर्सची सहा विजेतेपदं 1961 च्या आधीची आहेत, तेव्हा सगळं श्रेय नियमांना देऊ नकोस.

आता बेसबॉल बघ. तिथे बहुतेक सामन्यांचे स्थानिक टीव्ही हक्क ज्याचे तो विकतो, आणि पगारावर पक्की मर्यादा नाही. 2001 चा हंगाम संपल्यावर ओकलंड शहराच्या संघाचा खेळाडू जेसन जियाम्बी न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडे गेला: सात वर्षांचे 12 कोटी डॉलर. ओकलंडचं पुढच्या वर्षाचं अख्ख्या संघाचं पगारबिल होतं सुमारे 4 कोटी. तरीही 2002 मध्ये दोघांनी 103-103 सामने जिंकले! ओकलंडने आकडेवारीच्या जोरावर स्वस्तातले गुणी खेळाडू हेरले होते. मला त्या संघाचं फार कौतुक आहे. पण हुशारी इतरांनीही उचलली, पैशाची दरी मात्र राहिली. 2024 नंतर तो संघ ओकलंडमध्ये उरलाच नाही.

आयपीएल तुला माहीत आहेच. 2008 मध्ये संघ विकत घ्यायची मुंबईची बोली 11.19 कोटी डॉलरची, जयपूरची (राजस्थान रॉयल्स) सर्वांत कमी, 6.7 कोटींची. पहिला चषक जयपूरने नेला. खेळाडूंच्या लिलावात खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी होती ना. उलट 2025 पर्यंत दिल्लीसारख्या मोठ्या शहराच्या वाट्याला एकही चषक नाही.

आणखी एक. लोकसंख्येचा रकानाही तपास. पॅकर्स 1994 पर्यंत घरचे काही सामने मिल्वॉकीत खेळायचे; त्यांचे चाहते सगळ्या विस्कॉन्सिन राज्यभर आहेत. नगरपालिकेची हद्द ही संघाची बाजारपेठ नव्हे. म्हणून प्रत्येक संघापुढे आधी लिही: टीव्हीचा पैसा वाटून मिळतो की स्वतःचा, पगाराला मर्यादा आहे का, प्रेक्षक कुठवरून येतात. मग विजेतेपदं मोज, आणि नियम बदलले त्या वर्षाच्या आधीची-नंतरची वेगळी धर. तसा तक्ता झाला की पाठव, मी लगेच बघेन.