दावा पडून, झाडांवर मात्र मार्किंग

प्रश्न : आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा (गावाने मिळून जंगल राखण्या-वापरण्याच्या हक्काचा) दावा ग्रामसभेने ठराव करून उपविभागीय समितीकडे दिला. तो चार वर्षं पडून आहे. आता त्याच जंगलात कूपतोडीसाठी (वनखात्याने आखलेल्या तुकड्यातली झाडं तोडण्यासाठी) झाडांवर मार्किंग झालंय. वनरक्षक म्हणतो, पट्टा (हक्काचा दाखला) नाही तर बोलायचं काम नाही. निम्मी घरं बिगर-आदिवासी, त्यामुळे दावा टिकणारच नाही, असंही सांगतात. तोड थांबेल का?

उत्तर : थांबू शकते, पण भाषणांत ऐकलेल्या मुद्द्यांवर नाही. ओडिशातल्या नियमगिरीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा (2013) आधार सगळे घेतात. तिथे प्रश्न बॉक्साइटच्या खाणीसाठी वनजमीन वळवण्याचा होता आणि ज्यांना विचारलं त्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तुमच्याकडे जमीन वळवली जात नाही, कार्य आयोजनेप्रमाणे (वनखात्याच्या जंगल-कामाच्या आराखड्याप्रमाणे) तोड होते आहे. म्हणून ‘संमती घेतली नाही’ एवढाच मुद्दा कोर्टात तोकडा पडेल.

तुमचा खरा आधार वनहक्क कायदा, 2006 मधलं कलम 5. त्याने वनहक्कधारकांना आणि ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. समोरचा वकील म्हणेल, पट्टा नसताना हक्कधारक कसले? त्यावर आपलं उत्तर असं की कायदा हक्क नव्याने वाटत नाही, असलेले मान्य करतो. हा युक्तिवाद चांगला आहे, पण हमखास नाही. म्हणून दाव्याचा निकाल लावून घेणं तोडीइतकंच तातडीचं.

बिगर-आदिवासींना लागू असलेल्या 75 वर्षांच्या अटीचा बाऊ करू नका. ती अट वास्तव्याची आणि वनावरच्या उपजीविकेची आहे, जमिनीच्या ताब्याची नाही. निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब जोडा. अमुकच कागद हवा असा हट्ट समितीला नियमांनुसार धरता येत नाही. दावा फेटाळायचा किंवा बदलायचा असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात.

या आठवड्यात ग्रामसभा घ्या. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. हा कोरम नसला तर ठराव पहिल्याच सुनावणीत उडतो. ठरावात कलम 5 चा उल्लेख करा, दावा निकाली निघेपर्यंत तोड थांबवा असं लिहा. प्रती उपवनसंरक्षक, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना देऊन पोच घ्या. कार्य आयोजनेतला तुमच्या कक्षाचा (जंगलाच्या तुकड्याचा) भाग माहिती अधिकारात मागा.

वनहक्क कायद्याच्या कलम 8 ची 60 दिवसांची नोटीस राज्यस्तरीय सनियंत्रण समितीला द्या, पण ती दोषी अधिकाऱ्यांवरच्या कारवाईसाठी आहे. तोपर्यंत झाडं उरणार नाहीत. स्थगितीसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकाच करावी लागेल. हरित न्यायाधिकरणात जाऊ नका, ते ज्या कायद्यांची प्रकरणं ऐकतात त्या यादीत वनहक्क कायदाच नाही.

आणि गाड्या अडवू नका. शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा लागला की कार्यकर्ते जामिनामागे पळतात, तोड चालूच राहते. त्यापेक्षा मार्किंग केलेल्या झाडांचे नंबर, फोटो आणि तारखा गावाच्या वनहक्क समितीच्या सह्यांनिशी नोंदवून ठेवा. याचिकेला तेच जोडायचे आहेत.